माका : बांधावरचा आणि वाफ्यातला



वसंतातील व्याख्यानाला आम्ही पावसाळ्यातील वनस्पती घेऊन उभे राहिलो आहो, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. वैशाखात माका पाहावयाचा म्हटला तर तो सहजी दिसावयाचा नाही; विहिरीच्या थारोळ्यात, मोटारीच्या पंपाच्या गळतीखाली किंवा पाटाच्या ओल्या कडेला चार रोपे सापडली तर सापडली. आज येथे येताना आम्ही अशीच तीन रोपे उपटून आणली आहेत. ती कुकडीच्या कालव्याला फुटलेल्या एका चारीवरची आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे वाहू लागले, आणि जो माका आमच्या लहानपणी फक्त आषाढ ते कार्तिक दिसे तो आता बाराही महिने कोठे ना कोठे जीव धरून असतो. कालव्याने ऊस आणला, उसाने बिबट्या आणला, हे आपण रोज बोलतो. कालव्याने माकाही टिकवला, हे मात्र कोणी बोलत नाही.

हे रोप हातोहात फिरवावे. पाने समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच; बोट फिरवले तर खरखरीत लागते. फूल पांढरे, शर्टाच्या गुंडीहून लहान. आपण फूल म्हणतो खरे, पण ते एक फूल नव्हे; अनेक बारीक फुले एका बैठकीवर दाटीने बसलेली असतात. शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई आणि आपल्या डोंगरउतारावरचा कारळा ही सगळी याच कुळातली मंडळी. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे कुळ परके नाही. याच कुळातील झेंडू तो दसऱ्याला पुण्याच्या बाजारात पाठवितो आणि याच कुळातील माका खुरपून बांधावर फेकतो.

आता एक पान तळहातावर चुरडून पाहावे. प्रथम हिरवा रस निघेल. थोडा वेळ थांबले की तो काळपट होऊ लागेल. हीच माक्याची ओळख. संस्कृतात त्याला भृंगराज म्हणतात, केशराज म्हणतात, केशरंजन म्हणतात. आणि मार्कव असेही एक नाव आहे, आपला ‘माका’ त्याच्याच जवळचा. हा रस काळा पडतो म्हणून पूर्वी गोंदणाच्या रंगातही तो वापरीत. केसांसाठी त्याची कीर्ती झाली ती या काळ्या रंगामुळे की खऱ्या गुणामुळे, हा प्रश्न आम्ही पुढे घेऊ. ओळख आधी पक्की झाली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टी तेथेच अडतात.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना माका प्रथम भेटतो तो औषध म्हणून नव्हे, पत्री म्हणून. भाद्रपदातील गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत मालतीच्या पाठोपाठ भृंगराजाचे पान आहे. पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी जेथे तप केले असे आपण मानतो, तो गिरिजात्मजाचा डोंगर आपल्या डोळ्यांसमोर आहे. पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या चढून गेले की बौद्ध भिक्षूंच्या विहारात, एकही खांब नसलेल्या त्या प्रचंड दालनात आपला गणपती बसला आहे. त्याला वाहावयाची पत्री गोळा करण्यासाठी आजीबरोबर बांधाबांधाने हिंडणे हे आमचे वनस्पतिशास्त्राचे पहिले शिक्षण. पत्रीची प्रथा मुलांना झाडे ओळखता यावीत यासाठीच घालून दिली, असे हल्ली फार खात्रीने सांगतात. प्रथा घालणाऱ्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. पण आमच्यापुरता परिणाम तोच झाला, एवढे खरे. गणपती गेले की पंधरवडा पितरांचा. श्राद्धालाही माका लागतो. एकाच महिन्यात देव आणि पितर या दोघांच्याही ताटाला चालणारे तण दुसरे कोणते आहे, ते जाणकारांनी सांगावे.

या डोंगररांगांत लागवडीची एक फार जुनी नोंद आहे आणि तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात आडुथुम नावाच्या एका शक उपासकाचे दान कोरले आहे. त्याने एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, जमिनीचे उत्पन्न ठेव म्हणून दिले : वीस निवर्तने करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी. परदेशी वंशाचा माणूस नाणेघाटाच्या या व्यापारी मुलखात येतो, श्रद्धा स्वीकारतो, आणि झाडे लावण्यासाठी कायमची तरतूद करून ठेवतो. त्याने नुसती झाडे लावली नाहीत. ती लावत राहण्यासाठी पैसा कोठून यावा, याचाही विचार केला. आमच्या माक्याच्या उद्योगात आम्ही नेमका हाच विचार विसरलो होतो. ती हकीकत आता सांगतो.

आम्ही तिघे-चौघे मित्र. वनौषधींच्या लागवडीला भरभराटीचे दिवस आले आहेत, केंद्र सरकारने २००० साली त्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले आहे, गावोगाव मेळावे भरतात, असे आम्ही ऐकत होतो. तेव्हा पाच-सहा गुंठ्यांत माका लावून पाहावा असे ठरले. बी जमविले. माक्याचे बी काळसर, तिळाहूनही बारीक. आम्ही गादीवाफे केले, शेणखत मिसळले, बोटाने रेघा ओढल्या, बी घातले आणि मोठ्या काळजीने वर माती लोटली. पंधरा दिवस पाणी दिले. वाफ्यात लव्हाळा आला, हरळी आली, चिमूटभर घोळही आली. माका आला नाही.

शेजारच्या शेतात खुरपणीला आलेल्या एक वृद्ध बाई आमची ही शोभा रोज पाहत होत्या. एके दिवशी त्या बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, “काय पेरलंय रं लेकरांनो?”

“माका, आजी.”

“माका?” त्यांना हसू आवरेना. “आरं, माका काय पेरत्यात व्हय? आमचा जलम गेला त्यो उपटण्यात! आन् पेरलाच तर गाडायचा कशाला त्याला? त्यो काय मेलाय?”

आजींनी जे हसत सांगितले तेच शास्त्रानेही तपासले आहे. माक्याच्या बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो. अंधारात त्या उगवतच नाहीत म्हटले तरी चालेल. मातीच्या पाव बोट खाली गेलेले बी निजून राहते, आणि नांगराने कधी वर आले की मग उठते. म्हणून बी ओल्या वाफ्यावर नुसते भुरभुरावयाचे, हाताने हलके दाबावयाचे, आणि झारीने पाणी द्यावयाचे. त्याहून सोपी वाट आजींनीच दाखविली. पावसात माक्याचे जून दांडे जमिनीला टेकतात, तेथे पेऱ्यापेऱ्याला मुळ्या फुटतात. असे मुळ्या धरलेले तुकडे वीतभर अंतरावर लावले की आठ दिवसांत माना वर करतात. आम्ही त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केले. जमीन काळी, पाणी धरणारी. वरच्या भातखाचराचे पाणी झिरपून येई. दुसरे कोणतेही पीक तेथे कुजले असते. माका तरारला. पाणी साचले तर तो खोडालाच नव्या मुळ्या सोडतो. मुरमाड, कोरड्या माळावर मात्र त्याला नेऊ नये. तेथे तो खुरटतो आणि घाईघाईने फुलून मोकळा होतो.

दोन महिन्यांच्या आत फुले दिसू लागली. कापणीची वेळ हीच. वनस्पती मुळासकट सबंध औषधात घेतात, तिला पंचांग म्हणतात. पण जमिनीपासून चार बोटे ठेवून कापले तर पाचसहा आठवड्यांत दुसरी कापणी मिळते, म्हणून शेवटच्या वेळीच उपटावे. आणि बी पडण्याच्या आत कापावे. एकेक रोप हजारांनी बी टाकते, आणि मग शेजारी भातखाचर करणारा आपल्याला वर्षानुवर्षे आशीर्वाद देत बसतो.

येथवर आमची विजययात्रा. पुढे सुकवणे आले. आवणीनंतरचे दिवस, श्रावणाच्या सरी. माक्यात पाणी फार; पाचसहा किलो ओला पाला वाळला की किलोभर हाती लागतो. सावलीत, पातळ थर देऊन, दिवसातून दोनदा उलथून तो वाळवावा लागतो. आम्ही गोठ्याच्या माळ्यावर ढीग घातले. चौथ्या दिवशी ढीग आतून गरम, सहाव्या दिवशी बुरशी. जेवढे वाचले ते पोत्यात भरून एका व्यापाऱ्याकडे नेले. त्याने मूठभर काढून वास घेतला आणि जो भाव सांगितला त्यात खुरपणीची मजुरीही निघत नव्हती. आम्ही रागावून परत आलो. आज वाटते, त्याचे फारसे चुकले नव्हते. त्याला गोटे आणि बांध येथून आलेला, कोणीही न लावलेला माका त्याहून स्वस्त मिळत होता. जे रान फुकट देते ते पिकवून विकावयाचे, तर त्यात रानाहून अधिक काहीतरी असले पाहिजे.

हे ‘अधिक काहीतरी’ कोणते, या प्रश्नापाशी आमचे दोन पावसाळे गेले. उत्तर एका वैद्यमित्राच्या स्वयंपाकघरात सापडले. तेल सिद्ध करण्याचे जुने प्रमाण असे, की एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव. म्हणजे एक लिटर तेलाला चार लिटर माक्याचा रस. आणि तो सगळा आटून तेल राहीपर्यंत मंद आच. दहा किलो ताजा पाला कुटून, थोडे पाणी शिंपडून आम्हाला चारपाच लिटर रस कसाबसा निघाला. म्हणजे एका लिटरला दहा किलो पाला! बाजारात भृंगराज म्हणून जेवढे तेल विकले जाते त्या सगळ्याला असा रस मिळत असेल का, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. सूतशेखरासारख्या औषधांनाही माक्याच्या रसाच्या भावना देतात. खल करावयाचा तो ताज्या रसात. वाळलेल्या पोत्याचा काढा करून काम भागवितात, पण चांगला वैद्य ताजा रस शोधतो, आणि शहरातल्या वैद्याला तो मिळत नाही. वाळविलेला माल ही रानाची मक्तेदारी आहे. ताजा, ओळख पटलेला, स्वच्छ पाण्यावरचा माका सकाळी कापून त्याच दिवशी पोचविणे, हे मात्र लागवड करणाराच करू शकतो.

‘ओळख पटलेला’ आणि ‘स्वच्छ पाण्यावरचा’ हे दोन शब्द आम्ही मुद्दाम वापरले. पहिल्याचे कारण असे. पिवळ्या फुलांचाही एक माका आहे. त्याला पिवळा भृंगराज म्हणतात आणि पूर्व व दक्षिण भारतात त्याचाही औषधी उपयोग होतो. १९५६ साली मद्रासमध्ये गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी यांनी या पिवळ्या जातीतील एका द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या त्या वेळच्या शास्त्रीय नावावरून त्या द्रव्याला वेडेलोलॅक्टोन म्हणतात. तेच द्रव्य आपल्या पांढऱ्या माक्यातही आहे, आणि आज माक्याची प्रत तपासताना रसायनशाळा त्याचेच प्रमाण मोजते. येथवर गोंधळ क्षम्य आहे. पण बंगल्यांच्या कुंपणाशी आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर शोभेसाठी लावलेली, पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी जी परदेशी वेल असते, तीही भाद्रपदात ‘माका’ म्हणून जुडीत येते. एकदांडीचीही पाने येतात. तिला आपल्याकडे दगडी पाला म्हणतात आणि जखमेवर चोळतात. तिचे फूल लांब एकट्या दांड्यावर असते आणि बी म्हातारीसारखे उडते. माक्याच्या बीला असे पंख नाहीत. देवाला चुकीचे पान गेले तर तो समजून घेईल. यकृताला ती सवय नाही.

दुसरे कारण पाण्याचे. सर्वांत तरारलेला, काळाभोर माका कोठे असतो, हे पाहिले आहे का? गावाच्या गटाराच्या तोंडाशी. भाजीबाजारात पत्री विकणारीला आणि औषधासाठी पाला गोळा करणाऱ्याला तेथेच सर्वांत लवकर भारा मिळतो. पाण्यातून जे येते ते झाड उचलते. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांतून फवारणीचे पाणी ज्या चारीत उतरते, तेथला माकाही औषध म्हणून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता कावीळ. या विषयावर आम्ही नुसते ऐकीव बोलत नाही. आमच्या भावकीतील एक सून, सात महिन्यांची गरोदर. डोळे पिवळे झाले, अन्न नकोसे झाले. घरात माक्याची ख्याती. रोज सकाळी रस, ताक, पथ्य सुरू झाले. चार दिवस गेले, सहा गेले. आमच्यातीलच एकाने, म्हणजे या व्याख्यात्यानेच, ‘रस लागू पडतो आहे, धीर धरा’ असे सांगितले. आठव्या दिवशी ती बोलताना अडखळू लागली, तेव्हा गाडी करून तिला शहरात नेले. सून वाचली. बाळ हाती लागले नाही. काविळीचा जो ‘इ’ प्रकार दूषित पाण्यातून पसरतो, तो एरव्ही बहुधा आपोआप बरा होतो, पण गरोदर स्त्रीला प्राणघातक ठरू शकतो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले. पाण्यातून येणाऱ्या काविळीचे बहुतेक रोगी विश्रांतीने काही आठवड्यांत बरे होतात. त्या काळात जो कोणी जे काही देईल त्याला यश मिळते. माक्याच्या यशातील किती वाटा त्याचा आणि किती निसर्गाचा, हे वेगळे काढल्याशिवाय कळणार नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत माक्याच्या अर्काने यकृताचे रक्षण होते असे आढळले आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण उंदराचे यकृत आणि आपल्या सुनेचे यकृत यांत अंतर आहे. डोळे पिवळे दिसले की प्रथम रक्त तपासावे. गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

केसांचेही तसेच. उंदरांच्या कातडीवर अर्क लावला असता केस लवकर वाढीला लागले, असे प्रयोग झाले आहेत. माणसांवर मोठ्या प्रमाणात, काटेकोर पडताळा मात्र झालेला नाही. आमच्या मित्रमंडळात दोघांना टक्कल आहे आणि दोघेही लागवडीच्या दिवसांत माक्यात लोळत होते. फरक पडला नाही. तेलाने डोके शांत वाटते, केस मऊ राहतात. त्यासाठी लावावे, आनंदाने लावावे. तमिळ मुलखात तर माक्याची कोवळी पाने भाजीतही घालतात.

राहिला प्रश्न तो आपल्या पश्चिम पट्ट्यातील माणसांचा. या दिवसांत तिकडे बाळहिरडा गोळा होत असतो. हिरडा हेच या दोन तालुक्यांच्या डोंगरी भागाचे खरे औषधी पीक, आणि महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या रोख पैशाचा मोठा आधार. जून २०२० मधील निसर्ग वादळात हिरड्याची जुनी झाडे उन्मळून पडली, तेव्हा कित्येक घरांचे उत्पन्नच आडवे झाले. हिरड्याला परत उभे राहावयाला माणसाचे अर्धे आयुष्य लागते. माका दोन महिन्यांत येतो, तेव्हा हिरड्याच्या जागी माका लावा, असे उत्साही मंडळी सुचवितात. आम्हाला हे पटत नाही. हिरडा वाळवून घरात ठेवता येतो, भाव येईपर्यंत थांबता येते. माका थांबत नाही. आणि भाद्रपदात पत्रीचे भारे घेऊन बाजारात उतरणाऱ्या बायांचा विचार कोणी करावा? सगळ्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी वाफे करून माका पिकविला तर पहिला धक्का त्यांच्या चार दिवसांच्या कमाईला बसेल. दुसरीकडे भाताला आता तणनाशक मारतात. त्यात बांधावरचा माका जळतो, म्हणजे तशीही त्यांची जुडी लहान होत चालली आहे. आमच्या आजींनी गेल्या वर्षी सांगितले, “पयलं एका बांधावर भारा व्हायचा, आता तीन शिवारं हिंडाय लागत्यात.”

म्हणून आमचे सांगणे फार लहान आहे. एकराने माका लावू नका. खाचराच्या खालच्या तोंडाला, जेथे पाणी झिरपते आणि भात पिवळा पडतो, तेवढीच एक-दोन गुंठ्यांची पट्टी राखा. तेवढ्या पट्टीवर तणनाशक मारू नका. कापणी आणि पत्री अशा एका बाईकडे सोपवा, जी पूर्वीपासून हे काम करते. अर्धा वाटा तिचा. आम्ही दोन वर्षे असेच करीत आहो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पत्री जाते, त्यानंतर पितृपक्षाची, आणि उरलेला पाला दर आठवड्याला दोन वैद्यांकडे ताजा जातो. श्रीमंत कोणी झाले नाही. खुरपणीची मजुरी निघते आणि वर थोडे राहते, एवढेच.

ज्यांना बेणे हवे असेल त्यांनी मृगाचा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर आठवडाभर थांबून आमच्याकडे यावे. दांडे तोवर मुळ्या धरतात. येताना गोणपाट ओले करून आणावे, आणि पिशवी प्लॅस्टिकची नसावी, त्यात दांडे घामेजून काळे पडतात. बी हवे असेल तर तेही थोडे आहे. ते मातीत गाडू नये.